अळंबीचं नाव शेवटी घ्यायचं

आमच्या गटाचा पहिला नियम असा, की मातीतून उगवलेली छत्री दिसली तरी तिचं नाव घ्यायचं नाही. सगळ्यांनी तिच्याभोवती उकिडवं बसायचं, ज्यांचे गुडघे ऐकत नाहीत त्यांनी नुसतं वाकायचं, आणि पाळीपाळीने एकेक गोष्ट सांगायची. डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, नाकाला येतं तेवढंच. टोपी पांढरी आहे. मध्ये टोक आहे. देठाला कडं नाही. टोपीखालचे पडदे गुलाबीकडे झुकलेत. सगळ्यांचं सांगून संपलं की मग, अगदी शेवटी, कुणीतरी नाव घ्यायचं. धीर धरणं मला जन्मात जमलेलं नाही. पहिल्याच रविवारी मी पहिली पाळी येताच नाव घेऊन मोकळी झाले, आणि ते चुकलं.

गट म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हे. पावसाळ्यात रविवारी सकाळी अकोट्याच्या पुलापाशी चहाच्या टपरीवर सात-आठ जण जमतात. विश्वामित्रीच्या काठावर कुणी उतरत नाही, तिथे मगरी आहेत आणि पावसाळ्यात त्यांना सगळं बडोदं आपलंच वाटतं. दोन गाड्यांत बसून आम्ही मही नदीच्या कोतरांकडे, म्हणजे काठच्या घळींकडे जातो. गट चालवणारी बाई गुजराती, चाळिशीतली, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची ते सोडून आता हेच करते. तिला सगळे नुसतं बेन म्हणतात. मी साठीला टेकलेली, म्हणून ती मला मासी म्हणते, आणि मासीची चूक मुळीच पोटात घालत नाही.

गटात एक जैन काका आहेत, कापडाचे व्यापारी. दुकानात डबीत मिळतात ती मशरूमसुद्धा त्यांनी कधी खाल्लेली नाहीत, पुढेही खाणार नाहीत. तरी छत्री सगळ्यात आधी त्यांनाच दिसते. पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून लहानपणापासून जमिनीकडे बघत चालायची त्यांना सवय. एकदा मी वैतागून विचारलं, की मी पण खालीच बघत चालते, मग मला कशी दिसत नाही? काका हसले आणि म्हणाले, "तमने भूख छे ने, एटले तमने बधे ए ज देखाय." भुकेल्याला सगळीकडे तेच दिसतं, हे खरंच होतं. मला वाळलेलं पान, प्लॅस्टिकचं झाकण, कुणाच्या तरी शर्टाचं बटण, सगळं अळंबीच वाटायचं.

भूक मात्र माझी नव्हती, आईची होती.

माझी आई कोकणातली. लग्न होऊन बडोद्याजवळ बाजव्याला आली तेव्हा रिफायनरी नवी होती आणि वसाहतीतले रस्ते अजून मातीचे होते. बाबा तिथे सुरक्षा विभागात. कुठल्या झडपेला हात लावायचा आणि कुठल्या नाही, हे दिवसभर लोकांना सांगायचं आणि संध्याकाळी घरी येऊन आम्हाला. मी पाच-सहा वर्षांची असेन. श्रावणात वसाहतीच्या मागच्या माळावर एका वारुळाशी आईला अळंबी दिसली. तिने ओच्यातून आणली, साफ केली, कांदा आणि ओलं खोबरं घालून शिजवली. शेजारची बाई दारात येऊन बघून गेली. गुजरातीत हिला बिलाडीचा टोप, म्हणजे मांजराची टोपी म्हणतात, मराठीत कुत्र्याची छत्री. म्हणजे दोन्हीकडे ती जनावराच्याच डोक्यावर. त्या बाईने ते घरोघरी सांगितलं असणार, कारण बाबा आले ते घाबरूनच आले.

"तिकडची जमीन वेगळी, इकडची वेगळी," ते म्हणाले. ओरडले वगैरे नाहीत. बाबा कधीच ओरडत नसत. त्यांनी फडक्याने टोप धरला आणि क्वार्टरच्या मागे नेऊन उपडा केला. आई दारात उभी राहून बघत होती. मला अजून ती वाफ दिसते, ओल्या मातीवर पसरलेली.

त्यानंतर आईने अळंबी खाल्ली नाही. कोकणात जाणं व्हायचं ते मे महिन्याच्या सुट्टीत, आणि मेमध्ये अळंबी कुठली मिळायला. पुढे तिकडचं घर माझ्या चुलत्यांकडे गेलं, जाणंच संपलं. मी तर अळंबी जन्मात चाखलेली नव्हती. बाबा गेले, आई माझ्याकडे अकोट्याला राहायला आली, आणि मग ती मोठी साथ आली त्या तापात आईचा वास गेला. माणसं बरी झाली, वास परत आले, हिचा आलाच नाही. वास गेला तशी चवही गेली. "कागद चावल्यासारखं लागतं गो सगळं," म्हणायची. पोळी अर्धीवर आली, मग पाव. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, खायला घाला. जणू मी उपाशी ठेवत होते.

एका संध्याकाळी पुढ्यातलं ताट बाजूला सारून ती म्हणाली, "अळंबी असती तर लागली असती चव." तिने हट्ट म्हणून म्हटलं नव्हतं. पण माझ्या मनात ते जाऊन बसलं ते बसलंच. बाजारातली मशरूम आणून बघितली. आईने एक घास चावला आणि विचारलं, "हे काय, खोडरबर?"

म्हणून मी गटात गेले. आणि पहिल्याच दिवशी बेनने दुसरा नियम सांगितला. खायची म्हणून जी छत्री शोधायची, ती पहिल्या पावसाळ्यात फक्त ओळखायची. खायचं ते पुढच्या पावसाळ्यात. तोपर्यंत ओळख पक्की झाली तर. मी म्हटलं, माझी आई पंच्याऐंशीची आहे. बेन म्हणाली, म्हणूनच.

घरी येऊन सांगितलं तर आई हसली. "तुझ्या त्या बेनला सांग, माझ्याकडे पावसाळे मोजके आहेत." मग म्हणाली, "एवढं कशाला? शिजताना लसणीची पाकळी टाकायची. काळी पडली तर फेकून द्यायची." हे मी बेनला सांगितलं. ती म्हणाली, लसूण पांढरीची पांढरी राहते आणि माणूस जातो, असं तिने स्वतः पाहिलंय.

तो पहिला पावसाळा मला एखाद्या लांबलेल्या दुपारच्या झोपेसारखा आठवतो. कोतरांत पाऊस थांबल्यावरही पाऊस पडत असतो, झाडांवरून, थेंब थेंब. गवत कमरेएवढं. बोलणं कमी कमी होत जातं आणि मग कुणी बोलतच नाही. खाली बघून चालता चालता किती वेळ गेला ते कळत नाही. शेवाळाचं एक बोटभर रान, त्यात मोहरीएवढ्या नारिंगी टोप्या. पडलेल्या खोडावर कानाच्या पाळीसारखं काहीतरी लोंबतंय, हात लावला तर गार. एरवी मला रागवायला इतकी कारणं मिळतात आणि तिथे एकही सापडायचं नाही. रात्री डोळे मिटले की पापण्यांच्या आत पांढरं पांढरं उगवत राहायचं.

वाईट छत्रीचीही ओळख झाली. शहरातल्या हिरवळींवर ती गोलात उगवते, मोठी, देखणी, पांढरीशुभ्र, देठात अंगठी घातलेली. बघितलं की वाटावं हिलाच पानात वाढावं. तिची टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवली की सकाळी खाली हिरवट ठसा उमटतो. मी तो आईला दाखवला. तिने डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि म्हणाली, "शेवाळलीय मेली."

आणि भाद्रपदात आईची ती अळंबी दिसली. अर्थात काकांना. वारुळाच्या उतारावर चार-पाच, राखाडी झाक असलेल्या, मध्ये टोक. सगळे बसलो. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हटलं की हिच्याकडे बघून माझ्या पोटात काहीतरी होतंय. बेन म्हणाली, ते लक्षणात धरत नाहीत. मग तिने खुरप्याने देठाच्या कडेची माती हलकेच काढायला सुरुवात केली. देठ खाली जातच राहिला. बारीक होत, वळत, काळपट होत, हातभर खोल. खाली वाळवीचं घर असतं आणि वाळवी तिथे अंधारात या अळंबीची शेती करते, असं बेनने सांगितलं. मूळ वाळवीच्या घरापर्यंत गेलं तरच ती अळंबी. मूळ बघितल्याशिवाय खात्री नाही. मग तिने सगळं होतं तसं बुजवलं.

दुसरा पावसाळा येईपर्यंत आई आणखी बारीक झाली. ती तक्रार करत नव्हती, आणि आईने तक्रार केली नाही की मला भीती वाटते.

श्रावणातल्या एका शनिवारी संध्याकाळी ती खिडकीशी बसली होती. मी उद्या जाणार म्हणून तिला हुशारी आली होती. आपल्या आईने काय काय शिकवलं होतं ते सांगायला लागली. अळंबीला बोट दाखवायचं नाही, दाखवलं तर ती कुजते. जागा कुणाला सांगायची नाही. आणि मुळाला हात लावायचा नाही. मातीलगत धरून हळूच पिळायची, वर येते तेवढी घ्यायची, आणि खड्डा मातीने सारवल्यासारखा बुजवायचा. खाली तिचं घर असतं, ते उकरलं तर पुढच्या वर्षी ती येत नाही. आई हातवारे करून दाखवत होती. हवेतच तिने एक अळंबी पिळली, ओच्यात टाकली आणि माती सारखी केली.

दुसऱ्या दिवशी कोतरांत मी मागे राहिले होते, आणि मला त्या दिसल्या. माझ्या मला, काकांच्याही आधी. करवंदीच्या जाळीमागे, एका बसक्या वारुळाजवळ, दहा-बाराजणी. मी बोट दाखवलं नाही. हाक मारली नाही. वाकले, मातीलगत धरलं, हळूच पिळलं. माझे हात आपोआप आईचे हात झाले होते. ओढणीत सगळ्या घेतल्या, खड्डे बुजवले, वर पालापाचोळाही पसरला. इतकं नीट काम मी आयुष्यात कधी केलं नसेल. मग तरंगत तरंगत बेनपाशी गेले आणि ओढणी उघडली.

बेनने एक उचलली. टोक बघितलं, पडदे बघितले, वास घेतला. मग उलटी करून देठाचं तुटलेलं टोक बघितलं. "मासी, मूळ क्यां छे?"

मूळ मी खालीच ठेवलं होतं. मग सगळे जण जाळीमागे गेलो. मी इतकं बेमालूम बुजवलं होतं, की कुठला खड्डा कुठे होता ते मलाच सांगता येईना. दोन-तीन ठिकाणी उकरलं, मातीशिवाय काही लागलं नाही. बेन ओणवी होती ती उभी राहिली. "ना पण नथी कहेती, हा पण नथी कहेती," ती म्हणाली, म्हणजे नाहीही नाही आणि होही नाही. अशाच दिसणाऱ्या, असाच गुलाबी ठसा देणाऱ्या एका वाईट छत्रीचं तिने नाव सांगितलं. वर्षभर शिकून मी पुरावा जमिनीतच ठेवून आले होते, आणि तोही आईचं ऐकून. मला इतका राग आला, की परतताना गाडीचं दार मी दणकन लावलं.

घरी ओढणी आईच्या मांडीवर ठेवली. तिने एकेक अळंबी बोटांनी चाचपली, टोक, पडदे, देठ. नाकाशी नेली, सवयीने. मग खाली ठेवली.

"असेल," ती म्हणाली. "नाक असतं तर सांगितलं असतं. तू शिजव. मी खाते. माझं काय जायचंय आता?"

"मग मी पण खाणार," मी म्हटलं.

"तू नाही."

"मग तूही नाही."

आमचं भांडण बराच वेळ चाललं. मी आवाज चढवला, तिनेही चढवला, म्हणजे तिच्यात जेवढा होता तेवढा. विषय एवढाच, की मरायचं झालं तर तिने एकटीने मरावं की आम्ही दोघींनी. शेवटी तिने अळंबी ओढणीत परत ठेवल्या आणि गाठ मारली. "तू खाणार असशील तर नको," म्हणाली. स्वतःच्या जिवावर ती इतकी उदार होती आणि माझ्या बाबतीत अगदी बाबांसारखी. मला रडू आलं. ते लपवायला मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

एक टोपी मात्र मी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली. सकाळी खाली गुलाबी ठसा होता, बारीक रेघारेघांचा, मधोमध कोरा गोल. आईने तो कागद देवघरात ठेवला. बाकीच्या मलूल झालेल्या अळंबी कढीपत्त्याच्या कुंडीत पुरल्या. त्या आठवड्यात ती जवळजवळ काही जेवली नाही.

गणपती गेले. काका पर्युषणात येत नव्हते, ते परत आले आणि त्यांनी प्रत्येकाला हात जोडून मिच्छामि दुक्कडम म्हटलं, म्हणजे चुकलंमाकलं माफ करा. मीही म्हटलं, वर्षभर त्यांच्यावर मनातल्या मनात चिडत होते त्याबद्दल. त्या दिवशी कोतरांत धुकं होतं. सगळे एकमेकांना पुसट दिसत होते. जाळीमागच्या त्या बसक्या वारुळाशी मी नुसतीच गेले, आशा म्हणून नव्हे, आणि तिथे तीन होत्या.

या खेपेला मी हाक मारली. खुरपं घेतलं आणि मातीत बसले. मुळाला हात लावताना मनात आईची माफी मागितली. काका माझ्या डोक्यावर पावसाची छत्री धरून उभे होते आणि तोंड दुसरीकडे फिरवून होते, मातीतल्या जिवांसाठी. मी बोटांनी माती सोडवत गेले. देठ बारीक झाला, वळला, काळपट झाला. कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा बोटांना काहीतरी मऊ, भुसभुशीत, कोमट लागलं. माती आतून कोमट असते हे मला माहीत नव्हतं. मी हात तसाच ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. मग मूळ अख्खं वर आलं.

सगळे भोवती बसले. एकेकाने एकेक गोष्ट सांगितली. टोक. पडदे. कडं नाही. मूळ. वाळवीचं घर. बेन माझ्याकडे वळली, "हवे बोलो, मासी." आता नाव मी घ्यायचं होतं, सगळे वाट बघत होते. मी म्हटलं, नाव घरी घेऊ. बेनने एक अळंबी कच्ची, मुळासकट, फ्रिजमध्ये ठेवायला सांगितली. तब्येत बिघडली तर डॉक्टरला दाखवायला.

आईने फ्रिज उघडून ती बघितली. मूळ बोटाने मोजल्यासारखं केलं. "उकरलंस?" म्हणाली. मी हो म्हटलं. ती स्टूल ओढून शेगडीजवळ बसली आणि सूचना करायला लागली. कांदा जाड नको. हळद नखभर. खोबरं शेवटी. पाणी घालशील तर याद राख, तिचं तिलाच पाणी सुटतं.

दोन अळंबीची भाजी ती केवढी होणार, एका वाटीत मावली. आम्ही समोरासमोर बसलो. दोघींनी एकदमच घास घेतला, भांडायला जागा राहू नये म्हणून. आई हळूहळू चावत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने गिळलं, आणि मला कळलं. तिला काहीच लागलं नव्हतं.

"कागद?" मी विचारलं.

तिने मान डोलावली. दोन पावसाळे. मला वाटलं आता भांडीसुद्धा आपटायची ताकद आपल्यात नाही. तेवढ्यात ती म्हणाली, "तुला लागली ना? मग सांग."

"काय सांगू?"

"ते तुमचं करता ना बसून. नाव न घेता. तसं सांग."

मी दुसरा घास घेतला आणि डोळे मिटले. आधी खोबरं लागतं, मी म्हटलं. मग मऊ वाटतं, पण मऊ नाही, दाताखाली दोरा दोरा सुटतो. मग वास, तोंडातून नाकाकडे जाणारा, ओल्या मातीचा आणि भाजलेल्या काजूचा.

"भाजलेल्या नव्हे, ओल्या काजूचा," आई म्हणाली. "नीट बघ."

मी नीट बघितलं. ओल्या काजूचाच होता.

"आणि गिळल्यावर मागे राहतं का काही? जिभेच्या मुळाशी?"

"राहतं. गोडसर. म्हणजे गोड नाही."

"तेच. जात नाही ना लवकर?"

"नाही जात."

आईचे डोळे मिटलेले होते. तिचं तोंड हलत होतं, घास नसताना. "आणखी सांग," ती म्हणाली. मी खात गेले आणि सांगत गेले. मधूनच तिने हात पुढे केला, वाटीतून एक फोड उचलली आणि माझं ऐकत ऐकत चावली, मग आणखी एक. पोळी अख्खी गेली. माझं सांगायचं संपलं तेव्हा वाटीत फक्त खोबऱ्याचे कण होते.

"अळंबी," आई म्हणाली.

मग तिने रिकामी वाटी जवळ ओढली. "म्हणजे इकडची जमीन वेगळी नव्हतीच गो," ती म्हणाली, आणि बोट ओलं करून तिने ते कणही टिपून घेतले.